बंदरातील धूर कमी करायचा: सामंजस्य करार, नियम की भाडेपट्ट्याची अट?

हवा-नियामकाने बंदराशी वाटाघाटीला बसण्याआधी धूर सोडणारी यंत्रे कोणाची आहेत ते पाहावे. कॅलिफोर्नियातली लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही बंदरे मुख्यतः जागामालक आहेत. यार्डातली यंत्रे टर्मिनल कंपन्यांची, ट्रक वाहतूकदारांचे, जहाजे आणखी कोणाची. बंदराने कागदावर सही केली म्हणून ही मंडळी आपोआप बांधली जात नाहीत.

सामंजस्य करार लवकर होतो आणि कोर्टकज्जे टळतात. किनाऱ्याजवळ जहाजांचा वेग १२ नॉटपर्यंत उतरवण्याचा कार्यक्रम २००१ मध्ये असाच, स्वेच्छेने सुरू झाला. तिथे जहाजाचे इंधनही वाचते. असा फायदा असेल तिथे करार पुरतो. पण टर्मिनलला नवी महागडी विद्युत यंत्रे घ्यायची असतील तर नुसत्या सदिच्छेवर कोणी पैसा गुंतवत नाही. शिवाय राज्याच्या हवा-आराखड्यात प्रदूषणातली घट धरायची तर ती मोजता येणारी, इतर नियमांनी आधीच बंधनकारक नसलेली, टिकणारी आणि सक्तीने अमलात आणता येणारी लागते. सैल करार इथेच नापास होतो.

नियमाला वेळ लागतो आणि त्याला आव्हानही मिळते, पण त्याची पकड पक्की. साउथ कोस्ट हवा-गुणवत्ता जिल्ह्याने (या भागातली हवा-प्रदूषण नियामक संस्था; पुढे नुसते ‘जिल्हा’) मे २०२१ मध्ये १ लाख चौरस फूट व त्याहून मोठ्या गोदामांसाठी नियम २३०५ केला: ट्रकफेऱ्यांच्या प्रमाणात दरवर्षी प्रदूषण घटवणारे उपाय करून गुण मिळवा, नाहीतर शुल्क भरा. बंदरांशी कराराची बोलणी फिसकटल्यावर २०२२ मध्ये त्यांच्यासाठीही नियमाची तयारी सुरू झाली.

भाडेपट्ट्याची अट थेट टर्मिनलला लागू होते, पण ती नव्या पट्ट्यात किंवा नूतनीकरणाच्या वेळीच सहज घालता येते. आणि ती पट्ट्यातच हवी. लॉस एंजेलिसच्या चायना शिपिंग टर्मिनलसाठी २००८ च्या पर्यावरण अहवालात उपाय मंजूर झाले, पण पट्ट्यात उतरले नाहीत. काही पाळलेच गेले नसल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. ट्रकवाल्यांवर अटी लादताना आणखी जपावे लागते: लॉस एंजेलिस बंदराच्या पार्किंग आणि फलकांच्या अटी संघीय कायद्याच्या आड आल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केल्या. मालावर दर लावणे हा वेगळा रस्ता: एप्रिल २०२२ पासून दोन्ही बंदरे २० फुटी भरलेल्या कंटेनरमागे १० डॉलर घेतात, शून्य-उत्सर्जन ट्रकना सूट ठेवून.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बंदरे आणि जिल्हा यांच्यात पाच वर्षांचा सहकार्य करार झाला. चार्जिंग व इंधन सुविधांचे आराखडे ठरल्या वेळी न झाल्यास बंदरांनी निधीत पैसे भरायचे. बदल्यात जिल्ह्याने बंदरांसाठीचा तयारीतला नियम बाजूला ठेवला. या कराराला दात आहेत, पण बंधन आराखड्यांवर आहे, किती टन नायट्रोजन ऑक्साइड घटले यावर नाही. आम्हाला हा मोठा उणेपणा वाटतो.

तरीही करारच निवडायचा असेल तर नियमाचा मसुदा तयार ठेवूनच बसावे. वार्षिक टनांचा आकडा, त्रयस्थ तपासणी आणि टप्पा चुकला की नियमाचे काम पुन्हा सुरू होईल असे कलम, ही तिन्ही सहीपूर्वी लिहून घ्यावीत.