टेली मानस 14416 : फुकट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका

केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन आहे, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास चालू, पैसे शून्य आणि मराठीत बोलता येतं, हे सगळ्यात भारी. आधी एका पेड अ‍ॅपवर पैसे घातले होते, तिथे सगळं इंग्लिशमध्ये, आता छाती धडधडतेय, हात गार पडलेत, कुकर शिट्ट्या मारतोय आणि सासूबाईंना नाश्त्याआधी इन्सुलिन द्यायचंय अशा वेळी इंग्लिश कुणाला सुचतं हो! इथल्या ताईंनी आधी विचारलं, ईसीजी काढलाय का? काढलेला, नॉर्मल होता. मग म्हणाल्या गॅस बंद करा, ओट्याला हात टेकून उभ्या राहा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, पॅनिक अटॅक (म्हणजे अचानक येणारा घबराटीचा झटका) साधारण दहा मिनिटांत चढतो आणि मग उतरायला लागतो. सकाळचं एक तरी काम दुसऱ्यावर टाका हेही त्यांनीच सांगितलं, आता डबे नवरा भरतो (भाजी सांडतो, पण भरतो). गरज पडली तर सायकियाट्रिस्टशीही जोडून देतात, मला लागलं नाही. बाकी बाल्कनीत जाऊन बोलले तरी "कोणाचा फोन गं?" हे घरात विचारतातच, त्याला कोण काय करणार!