आम्ल, अल्क आणि धातूंची प्रयोगपेटी: साहित्य उत्तम, पुस्तिका कच्ची

ही पेटी घ्या असंच मी सांगेन, पण सोबतची पुस्तिका मुलांच्या हातात लगेच देऊ नका. मी शाळेत विज्ञान शिकवते. ही पेटी मी सातवीतल्या भाचीबरोबर घरी वापरली, आणि बाटल्यांनी जे शिकवलं ते पुस्तिकेनं जवळजवळ प्रत्येक पानावर आधीच सांगून टाकलं होतं. ‘आता रंग गुलाबी होईल’ असं वाचून गुलाबी रंग पाहण्यात मुलाला शोधण्यासारखं काय उरतं?

साहित्य मात्र विचार करून निवडलंय. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड थेंब पाडता येतील अशा बाटल्यांत आहेत आणि दोन्हींवर संहती, म्हणजे द्रावणात पदार्थ किती विरघळलाय त्याचं प्रमाण, छापली आहे, 0.5 मोलार (मोलार हे त्याचं एकक). ही छोटी गोष्ट वाटेल, पण तिच्यामुळेच उदासिनीकरणाचा (आम्ल आणि अल्क एकमेकांचा प्रभाव घालवतात तो) प्रयोग नुसता रंगांचा खेळ न राहता मोजमापाचा होतो. अल्कात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा, म्हणजे आम्ल-अल्क ओळखायला रंग बदलणाऱ्या पदार्थाचा, थेंब टाकला की द्रावण गुलाबी होतं. मग आम्ल थेंबाथेंबानं घालत जायचं. बराच वेळ रंग हलत नाही आणि शेवटी एका थेंबासरशी नाहीसा होतो. भाचीनं स्वतःहून विचारलं, आम्लात तेवढंच पाणी मिसळलं तर? करून पाहिलं, थेंब जवळजवळ दुप्पट लागले. पुस्तिकेत हा प्रश्नच नाही. मोजलेल्या थेंबांनी तोच प्रयोग दर्शकाशिवाय करून द्रावण उथळ काचेत वाळू दिलं, तर भिंगातून मिठाचे चौकोनी स्फटिक दिसतात. भिंग पेटीत आहे.

क्षारांच्या पानावर मात्र माझा ठाम आक्षेप आहे. ‘आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार होतो, म्हणून क्षार उदासीन असतात’ असं तिथे छापलंय (पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजेच अल्क). हे चूक आहे, आणि ते चूक ठरवणारे दोन क्षार याच पेटीत आहेत! धुण्याच्या सोड्याचं, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं द्रावण वैश्विक दर्शकाच्या कागदावर निळं उमटतं, सामू (pH; 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) 11 च्या आसपास. अमोनियम क्लोराइडचा 5 च्या आसपास येतो. पहिला क्षार तीव्र अल्क आणि सौम्य आम्लापासून बनलेला, दुसरा नेमका उलट, म्हणून द्रावणही जो बलवान त्याच्या बाजूला झुकतं. साधं मीठ दोन्ही बाजूंनी तीव्र, म्हणून उदासीन. तिन्ही कागद शेजारी ठेवले तर हे कुणालाही दिसेल. पेटी भरणाऱ्यानं आणि पुस्तिका लिहिणाऱ्यानं एकमेकांशी बोलायला हवं होतं.

धातूंचा भाग सर्वांत समृद्ध आहे. मॅग्नेशियमची फीत, जस्ताचे खडे, लोखंडाचा चुरा, तांब्याचे तुकडे, आणि सोबत पॉलिश पेपर. या कागदासाठी मी बनवणाऱ्यांचे मनापासून आभार मानते. फितीवरचा ऑक्साइडचा थर घासून काढला नाही, तर अभिक्रिया रेंगाळते आणि मुलांना वाटतं की धातूच मंद आहे.

पण धातू आम्लात टाकून कोण जास्त क्रियाशील असा क्रम लावायला सांगताना एक अन्याय झालाय. जस्त खड्यात आणि लोखंड चुऱ्यात! चुऱ्याचं पृष्ठफळ कितीतरी जास्त, त्यामुळे लोखंड जोरात बुडबुडे सोडतं आणि जस्त मागे पडल्यासारखं दिसतं. भाचीनं लोखंड वर लिहिलं. तिनं पाहिलं तेच लिहिलं होतं. मी घरातला एक साधा खिळा घासून दिला, तेव्हा जस्त पुढे गेलं. तांबं अर्थातच आम्लात ढिम्म.

खरा न्याय होतो तो विस्थापनात, म्हणजे एका धातूनं दुसऱ्याला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून हटवण्यात. खळग्यांच्या तबकडीत चार धातू आणि त्यांच्याच सल्फेटांची चार द्रावणं. स्वतःचंच द्रावण वगळलं तर 12 जोड्या होतात आणि त्यातल्या 6 मध्ये अभिक्रिया होते. मॅग्नेशियम तिघांना हटवतं, जस्त दोघांना, लोखंड फक्त तांब्याला, तांबं कुणालाच नाही. इथे वेग मोजायचाच नाही, झालं की नाही एवढंच पाहायचं, म्हणून चुरा आणि खडा यांतला फरक आड येत नाही. लोखंडावर चढणारा तांबूस थर आणि फिकट होत जाणारा कॉपर सल्फेटचा निळा रंग लगेच ओळखू येतो. जस्त आणि फेरस सल्फेटची (लोखंडाच्या सल्फेटची) जोडी मात्र संथ आहे. ती झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी पाहा. कॉपर सल्फेटमध्ये मॅग्नेशियम टाकल्यावर बुडबुडेही येतात. ते द्रावण किंचित आम्लधर्मी असतं आणि मॅग्नेशियम त्यातून हायड्रोजनही मोकळा करतं. मुलं हे विचारणारच, पण पुस्तिकेत अवाक्षर नाही.

आमच्या पेटीतलं फेरस सल्फेट आधीच तपकिरी, गढूळ होतं. हवेतल्या ऑक्सिजननं ते असं होतं. या एका क्षाराची कोरडी पुडी दिली असती तर ताजं द्रावण करून घेता आलं असतं.

सुरक्षिततेबद्दल नाराज आहे. चष्मा एकच, आणि इशारे सगळे आम्लाबद्दल. सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात गेलं तर ते ऊतींमध्ये खोल शिरतं, त्यामुळे त्याची धास्ती जास्त हवी. दुसरा चष्मा आधीच आणून ठेवा. काही उडालंच तर डोळा वाहत्या पाण्याखाली किमान 15 ते 20 मिनिटं धरा आणि डॉक्टरांकडे जा. उरलेलं कॉपर सल्फेट मोरीत ओतू नका, जलचरांना ते विषारी आहे. बाटलीत साठवून शाळेच्या प्रयोगशाळेत द्या.

मोठं माणूस शेजारी बसणार असेल, तर पाचवी-सहावीपासून ही पेटी छान चालेल. मी शाळेसाठीही मागवतेय. बनवणाऱ्यांनी पुढच्या वेळी चुऱ्याऐवजी खिळे द्यावेत आणि क्षारांचं ते पान नव्यानं छापावं.