ग्नूकॅश : हौशी नाट्यसंस्थेच्या खजिनदाराचा अभिप्राय

बँकेत किती पैसे आहेत हे कळायला सॉफ्टवेअर लागत नाही, बँकेचं ॲप उघडलं की झालं. त्यातले आपले किती, हे मात्र ॲप सांगत नाही, आणि छोट्या कलासंस्थेच्या खजिनदाराला दर बैठकीत नेमकं तेच विचारतात. ग्नूकॅश हे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर मी घेतलं ते या एका प्रश्नासाठी. उत्तर मिळतं, पण त्याची मांडणी आधी आपणच करून ठेवावी लागते. बसवलं आणि सगळं आपोआप समजलं, अशी आशा ठेवू नका.

मी मुळात वेशभूषा सांभाळणारी. आमची हौशी मंडळी, पगारी कुणी नाही. एखादं मोठं नाटक, अधूनमधून एकांकिका, मुलांची नाट्यकार्यशाळा, असा पसारा. कपडेपटाची यादी नीट ठेवते एवढ्या पात्रतेवर खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. "ताई, तुम्हाला आकड्यांचं वावडं नाही ना? मग झालं तर." इतकीच ती निवडणूक. तेव्हा हे परीक्षण हिशेबनिसाचं नाही. सुई-दोऱ्यातून उठून जमाखर्चाला बसलेल्या बाईचं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

ग्नूकॅश फुकट आहे आणि मुक्त आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कुणालाही बघता-बदलता येतो. 1998 साली त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली, म्हणजे हे काही कालचं पोर नव्हे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. वर्गणी नाही, जाहिरात नाही, आणि आपला हिशेब दुसऱ्याच्या सर्व्हरवर न जाता आपल्याच संगणकावरच्या फाइलमध्ये राहतो. ज्या संस्थेत पडद्याच्या दोरीसाठीही समितीची मंजुरी लागते, तिथे फुकट या शब्दाला वजन असतं. पण केवळ फुकट म्हणून घेऊ नका. शिकण्यात जे रविवार जातात तेही खर्चातच धरायचे.

याचा पाया द्विनोंदी पद्धतीचा. पैसा कुठून आला आणि कुठे गेला, दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. स्प्रेडशीटमध्ये मधलीच एक ओळ चुकून पुसली गेली, तर बेरीज निमूटपणे नवा आकडा दाखवते. इथे तसं खपत नाही. दोन बाजू जुळल्या नाहीत तर नोंदीतून बाहेर पडतानाच ते अडवून विचारतं : तुम्ही जुळवता, की फरकाची ओळ मी घालू? "तू घाल" म्हटलं की फरक 'इम्बॅलन्स' नावाच्या खात्यात जाऊन बसतो. मला या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात प्रामाणिक पान हेच वाटतं. काम संपवताना मी आधी तिथे डोकावते. शून्य असेल तर संगणक बंद, नसेल तर कुठलं तरी बिल माझ्याकडे रागाने बघत असतं.

अर्थात, बेरीज बरोबर आणि खातं चूक, ही गोष्ट त्याला पकडता येत नाही. नेपथ्याचा रंग आणि रंगभूषेचा रंग, दोन्ही बिलांवर नुसतं 'रंग' लिहिलेलं असतं. कुठला भिंतीला आणि कुठला चेहऱ्याला, हे माणसालाच कळायला हवं.

नाटकवाल्यांच्या व्यवहारात या पद्धतीचा खरा उपयोग दिसतो तो उचलीमध्ये. नेपथ्य करणाऱ्याला आपण 10,000 उचल दिली. बहुतेक वह्यांमध्ये त्याच दिवशी 'नेपथ्य खर्च 10,000' असं लिहून मोकळे होतात. पण तो खर्च नाही, ते आपलं त्याच्याकडचं येणं आहे. म्हणून मी मालमत्तेच्या खाली 'उचल' असं खातं काढलं आणि त्यात प्रत्येकाच्या नावाचं उपखातं. प्रयोग झाल्यावर तो बिलं घेऊन येतो : लाकूड 5,200, रंग 2,150, वाहतूक 1,300, आणि उरलेले 1,350 रोख परत. ग्नूकॅशमध्ये ही एकच नोंद होते. 'स्प्लिट' उघडायचं, म्हणजे एका नोंदीच्या अनेक ओळी करायच्या : तीन ओळी तीन खर्चखात्यांच्या, एक ओळ रोकडीची, आणि समोर उचलीचे 10,000 वळते. उचल खातं शून्यावर आलं की त्या माणसाशी आपला हिशेब संपला. नाही आलं, तर कुणाला फोन करायचा हे नावासकट दिसतं. बैठकीत संगणकावर हे खातं दाखवायला लागल्यापासून बिलं वेळेवर यायला लागली. मी एक शब्दही न बोलता!

आता मूळ प्रश्नाकडे. समजा बँकेत 80,000 आहेत. दिग्दर्शक खुशीत येऊन म्हणतो, "मग फिरता रंगमंच करूया की." त्या 80,000 पैकी 50,000 आहेत मुलांच्या कार्यशाळेसाठी मिळालेलं अनुदान. देणाऱ्याने ते त्याच कामासाठी दिलं आहे, दुसरीकडे वळवायचा आपल्याला अधिकार नाही. 12,000 आहेत पुढच्या प्रयोगाच्या आगाऊ तिकिटांचे. प्रयोग झालाच नाही तर परत करावे लागतील, म्हणजे तोवर ते देणं. हाताशी उरले 18,000. एवढ्यात रंगमंच फिरत नाही, फार तर पंखा फिरेल.

विशिष्ट कामासाठी बांधलेला निधी वेगळा दाखवण्याची तयार सोय ग्नूकॅशमध्ये नाही. कलासंस्थेसाठी ही त्याची सगळ्यात मोठी उणीव, कारण आमच्याकडे येणारा पैसा बहुधा अट घेऊनच येतो. नोंदीला 'हे कार्यशाळेचं' असं लेबल चिकटवून मग त्यावरून अहवाल काढावा, तर तसं स्वतंत्र लेबलाचं खानंही नाही. वाट आपल्यालाच काढावी लागते, आणि वाटा दोन आहेत.

पहिली : बँकेच्या खात्याखाली उपखाती काढायची. 'बँक – खुला निधी' आणि 'बँक – कार्यशाळा'. प्रत्यक्षात बँकेत खातं एकच, पण आपल्या पुस्तकात त्याचे दोन कप्पे. कार्यशाळेचा प्रत्येक खर्च कार्यशाळेच्या कप्प्यातूनच टाकायचा. कप्पा रिकामा झाला की अनुदान संपलं, उणे गेला तर आपण खिशातून भरतोय. दुसरी वाट हिशेबशास्त्राला जास्त पटणारी : भांडवलाच्या बाजूला प्रत्येक निधीचं खातं काढायचं, आणि प्रत्येक खर्चाबरोबर तेवढीच रक्कम निधीतून वळती करायची. त्यात साधं चहाचं बिलसुद्धा चार ओळींचं होतं. स्वयंसेवक माणूस रात्री जेवण उरकून बसणार आणि चार-चार ओळी लिहिणार, हे चार दिवस टिकतं. मी पहिलीच वाट धरली, आणि शिफारसही तिचीच करेन.

त्या वाटेवर एक खाच आहे. बँकेचा उतारा येतो एकत्र आणि आपल्याकडे कप्पे दोन, मग ताळमेळ कसा घालायचा? वरचं मूळ खातं निवडून 'रिकन्साइल' उघडायचं आणि तिथे उपखाती धरण्याच्या चौकटीत खूण करायची. मग उताऱ्याची तारीख आणि अखेरची शिल्लक टाकली की एका बाजूला आलेले पैसे, दुसऱ्या बाजूला गेलेले, दोन्ही याद्या समोर येतात. उताऱ्यावर बोट ठेवत एकेका रकमेला टिक करत जायचं. खाली फरकाचा आकडा कमी कमी होत शून्यावर येतो, तेव्हाच काम पुरं करता येतं. या आकड्याकडे बघताना मला तालमीत शेवटचा प्रवेश न अडखळता पार पडल्यासारखं वाटतं. हे सुख कुणाला सांगून पटत नाही. जुळलेल्या नोंदींसमोर वाय हे अक्षर लागतं, आणि नंतर त्यांना हात लावायला गेलं की आधी इशारा येतो.

इशारा येतो, कुलूप लागत नाही. हा फरक संस्थेसाठी मोठा आहे. ग्नूकॅशमध्ये मागची नोंद बदलता येते, आणि कुणी, कधी, काय बदललं याची तपासनीसाला दाखवण्यासारखी सरळ यादी मिळत नाही. ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या नोंदी गोठवण्याची सोय फाइलच्या गुणधर्मांत आहे आणि ती जरूर लावावी. पण ज्याच्या हातात फाइल, त्याला ती काढताही येते. फाइलला पासवर्डही नाही. देणगीदारांची नावं आत असतील तर संगणकालाच कुलूप हवं. आम्ही केलेला उपाय जुनाच आहे : दर महिन्याचा ताळमेळ छापायचा, बँकेचा उतारा थेट सचिवांकडे जाईल असं बघायचं, आणि दोन्ही कागद समोर ठेवून त्यांनी सही करायची. खजिनदारावर विश्वास नाही म्हणून नव्हे. उद्या कुणी बोट दाखवलं तर माझ्या बाजूने बोलायला दुसऱ्याची सही असावी म्हणून.

एका वेळी एकच माणूस काम करू शकतो, हेही आधीच समजून घ्या. फाइल उघडली की शेजारी कुलपाची एक छोटी फाइल तयार होते. त्या वेळी दुसऱ्याने उघडायला घेतलं तर सॉफ्टवेअर सावध करतं आणि नुसतं वाचण्यापुरती उघडायची का ते विचारतं. "तरीही उघड" म्हणण्याचा पर्याय तिथे असतो, त्याच्या नादी लागू नका. तिकीटविक्रीवाला आणि मी एकाच वेळी नोंदी करणार, असा बेत असेल तर हे सॉफ्टवेअर तुमचं नाही. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे तारीख-वेळ घातलेल्या जुन्या प्रतींची रांग लागते. घाबरून पुसू नका, त्या सेव्ह करताना घेतलेल्या राखीव प्रती आहेत. किती दिवसांच्या ठेवायच्या ते ठरवता येतं.

अहवाल पुष्कळ आहेत. ताळेबंद, उत्पन्न-खर्च, रोख प्रवाह, अंदाजपत्रकाशी तुलना, सगळं निघतं. देखणं मात्र काही नाही. समितीपुढे तो अहवाल जसाच्या तसा ठेवला तर पाचव्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात. मी त्यातले आकडे घेऊन एक पान स्वतः लिहिते : हातात मोकळे किती, बांधलेले किती, कुणाकडून यायचे, कुणाला द्यायचे. तालमीच्या जागेच्या भाड्यासारख्या ठरलेल्या नोंदी आपोआप तयार होण्याची सोय छान आहे. देणगीदारांची नोंदवही म्हणून वापरायला जाऊ नका, ते त्याचं कामच नाही. ती यादी वेगळी ठेवा.

तर घ्यावं का? अनुदान घेणारी, उचली देणारी, दोन-तीन उपक्रम एकाच बँक खात्यातून चालवणारी संस्था असेल आणि खजिनदाराला सुरुवातीला थोडं डोकं लावायची तयारी असेल, तर बेलाशक घ्या. महिन्याला चार-पाच व्यवहार असतील तर स्प्रेडशीट आणि नीट लावलेली पावत्यांची फाइल पुरते, उगाच तोफ आणू नका. आणि खजिनदार दर वर्षी बदलत असेल, तर आधी दोघांनी मिळून शिका, मग सुरू करा. नाहीतर पुढचा येणारा पहिल्याच दिवशी फाइल बाजूला ठेवून नवी वही आणेल.

सुरुवात आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून करा. जुनी वर्षं भरत बसू नका. अखेरची शिल्लक उघडती शिल्लक म्हणून घ्या आणि पुढे चला. खाती इतकीच ठेवा की संगणकाच्या एका पडद्यावर मावतील. नव्या खजिनदाराला टाचणीचं वेगळं खातं काढायचा फार मोह होतो. कपडेपटवाल्यांना तर विशेषच.