एक महिना, एकच फायटर: यूएफसी फाइट पासवर योआन्ना येंजेयचिक पहिल्यापासून शेवटपर्यंत

आधी स्पष्ट सांगते, हा रिव्ह्यू फाइट पासच्या, म्हणजे यूएफसी या झुंजी भरवणाऱ्या कंपनीच्या ऑनलाइन व्हिडिओ सर्व्हिसच्या, जुन्या फाईट्सच्या खजिन्याचा आहे, लाइव्हचा नाही. लाइव्हसाठी मी ते घेतलंच नव्हतं. बाबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर माझ्याकडे पुण्यात राहायला आले होते, दिवसभर टीव्हीवर बातम्या बघून चिडचिड करायचे, म्हणून म्हटलं यांना काहीतरी झुंजीचं दाखवू. बाबा मूळचे कोल्हापूरकडचे, लहानपणी तालमीत जायचे, लाल मातीतच वाढलेत म्हणा ना, आणि आजही कुठे कुस्तीचं मैदान आहे म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो. मला स्वतःला एमएमएचा, म्हणजे बुक्क्या, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या झुंजींचा, नाद कॉलेजपासून आहे आणि माझी सगळ्यात आवडती फायटर म्हणजे पोलंडची योआन्ना येंजेयचिक. मग ठरवलं, एका महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्यायचं आणि रोज रात्री जेवणं झाली की तिची एकच फाईट बघायची, ओळीने, एकही न गाळता. यूएफसीत तिच्या एकूण १५ फाईट्स झाल्या, २०१४ ते २०२२, त्यातल्या १० जिंकल्या आणि ५ हरल्या. म्हणजे पंधरा रात्री.

आणि माझं मत असं झालंय की या सर्व्हिसचे पैसे याच पद्धतीने वसूल होतात. नॉकआऊटच्या क्लिपा तर फुकट कुठेही बघायला मिळतात. पण एका माणसाचं अख्खं करिअर क्रमाने, पूर्ण लांबीच्या फाईट्समध्ये बघणं ही गोष्टच वेगळी आहे.

योआन्ना ओल्श्तिनची, म्हणजे पोलंडच्या उत्तरेकडचं शहर, जन्म १९८७ चा. मुळात ती मुए थाईची, म्हणजे थायलंडच्या बॉक्सिंगची, त्यातल्या वर्ल्ड चॅम्पियनशिप तिने अनेकदा जिंकल्यात, एमएमएत आली २०१२ मध्ये. वजनगट ५२ किलोचा, म्हणजे आपल्याकडे कॉलेजात जाणाऱ्या कुठल्याही बारीक मुलीएवढीच. पहिल्या रात्री जुलै २०१४ ची जुलियाना लिमाबरोबरची फाईट लावली तर बाबा नाराजच होते, पोरींची मारामारी काय बघायची म्हणाले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या रात्री क्लॉडिया गाडेल्याबरोबरची पहिली फाईट, डिसेंबर २०१४, ती योआन्ना स्प्लिट डिसिजनने, म्हणजे तीनपैकी दोन जजच्या मताने, जिंकली तेव्हा बाबा जरा पुढे सरकून बसले.

तिसऱ्या रात्री मात्र खुर्ची टीव्हीच्या एकदम जवळ ओढली गेली. १४ मार्च २०१५, डॅलस, समोर चॅम्पियन कार्ला एस्पार्झा. एस्पार्झा कुस्तीवाली, तिचं सगळं गणितच पट काढण्यावर, म्हणजे समोरच्याचे पाय धरून खाली पाडण्यावर. आणि ती पटात शिरते, पुन्हा शिरते, पुन्हा शिरते आणि प्रत्येक वेळी योआन्ना कंबर मागे टाकते, तिचं डोकं खाली दाबते आणि सुटते आणि सुटता सुटताच एक ठेवून देते. बाबा म्हणाले, "आगं ही पाय दीना की तिला! कुस्ती शिकलीया का ही?" मी म्हटलं नाही बाबा, ही बुक्क्या-लाथांवाली आहे, पट अडवायला शिकलीय फक्त. तर म्हणाले, "अडवायला शिकणं हीच तर निम्मी कुस्ती हाय." मी ते रिवाइंड करून तीनदा दाखवलं, तिचे पाय बघा म्हटलं. दुसऱ्या राउंडमध्ये रेफरीने फाईट थांबवली आणि योआन्ना यूएफसीची पोलंडमधली पहिली चॅम्पियन झाली, पुरुष आणि बायका दोन्ही धरून पहिली. युरोपातूनही बायकांमध्ये तीच पहिली.

पुढच्या रात्री पटापट गेल्या, जून २०१५ मध्ये बर्लिनला जेसिका पेने, तिचं तर तोंड रक्ताने माखलं होतं आणि तिसऱ्या राउंडला थांबवावी लागली. मग नोव्हेंबरात मेलबर्नला वॅलरी लेतूर्नो, हीच ती रात्र जेव्हा यूएफसीची बायकांमधली मोठी स्टार रोंडा राउझी पहिल्यांदा हरली, स्टेडियममध्ये ५६ हजारांवर माणसं होती.

पण खरं थांबून बघायची फाईट म्हणजे ८ जुलै २०१६, लास वेगास, गाडेल्याबरोबरची दुसरी. ज्यांना फक्त हायलाइट बघायची सवय आहे त्यांना ही कधी कळणारच नाही. पहिले दोन राउंड योआन्ना चक्क हरतेय. गाडेल्या तिला उचलतेय, पिंजऱ्याच्या जाळीला दाबतेय, खाली घालतेय, वर बसतेय. बाबांनी तर "गेली ही" म्हणून पाणी प्यायला उठायची तयारी केली. मी म्हटलं थांबा. तिसऱ्या राउंडपासून गाडेल्याचा दम तुटायला लागतो, तोंड उघडं पडतं, हात खाली यायला लागतात आणि योआन्ना मात्र पहिल्या मिनिटाला जशी होती तशीच आहे, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), जॅब, पोटात लाथ, कोपर, परत जॅब. पाचव्या राउंडपर्यंत एकाच बाजूची झुंज झाली होती. बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की हिचा दमसास बघ, हिने पहाटे उठून मेहनत केलीय, ही गोष्ट अंगात अशी येत नाही. पाच मिनिटांचे पाच राउंड, पंचवीस मिनिटं, हे क्लिपमध्ये मावत नाही हो. त्यासाठी पूर्ण फाईटच बघायला लागते आणि इथे ती मिळते, म्हणून मी या सर्व्हिसला इतके मार्क देतेय.

त्यानंतर नोव्हेंबर २०१६, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर पोलंडचीच कारोलिना कोवाल्केविच. दोघी एकाच देशाच्या आणि बेल्टसाठी, म्हणजे चॅम्पियनच्या किताबासाठी, अमेरिकेत लढतायत. चौथ्या राउंडमध्ये कारोलिनाच्या एका हाताने योआन्ना हलली होती, तिथे माझा अजूनही श्वास अडकतो, पण बाकी फाईट योआन्नाचीच. आणि मे २०१७ ला जेसिका अँड्राडे, ही माझ्या मते तिची सगळ्यात सफाईदार फाईट. अँड्राडे म्हणजे अंगात नुसती ताकद भरलेली बाई, ती धावून येते आणि योआन्ना एका जागी उभीच राहत नाही, मारते की बाजूला, मारते की बाजूला, अख्खे पाच राउंड. बेल्ट पाच वेळा राखला, एमएमएत तोवर एकही हार नाही, १४ जिंकल्या, शून्य हरल्या.

आता ज्यासाठी क्रमाने बघायचं म्हणते ते हे. ४ नोव्हेंबर २०१७, परत मॅडिसन स्क्वेअर गार्डन, रोझ नामायुनास. ही फाईट योआन्ना जिंकली असती तर राउझीच्या सहा वेळा बेल्ट राखण्याशी बरोबरी होणार होती. आदले आठ दिवस आम्ही तिला रोज रात्री जिंकताना बघत होतो, बाबांना तर आता ती घरातलीच वाटायला लागली होती. आणि पहिल्याच राउंडमध्ये, तीन मिनिटं होऊन काही सेकंद, रोझचा डावा हुक (बाजूने येणारा ठोसा) बसला आणि योआन्ना खाली गेली आणि तिने खालूनच टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. संपलं. बाबांना कळेनाच की संपलं म्हणून. "उठंल की ती" असं म्हणत होते. मला त्याचा निकाल वर्षानुवर्षं माहीत आहे, तरी घशात आवंढा आला. नुसती ती क्लिप बघितली असती तर एक नॉकआऊट म्हणून बघून सोडून दिली असती.

त्यानंतरचं करिअर लोक फारसं बघत नाहीत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. एप्रिल २०१८ ला रोझबरोबर परत, ब्रुकलिनला, पाच राउंड लढून पॉइंटवर हरली. टीशिया टॉरेसला हरवलं. डिसेंबरात टोरंटोला एक वजनगट वर जाऊन वॅलेंटिना शेवचेन्कोशी लढली, जिच्याकडून मुए थाईत आधीच तीनदा हरली होती, तिथेही हरली. ऑक्टोबर २०१९ ला मिशेल वॉटरसनला हरवून परत बेल्टच्या रांगेत आली.

आणि मग ७ मार्च २०२०, लास वेगास, चॅम्पियन झांग वेइली. कोरोना सुरू झाला होता, झांगला चीनमधून थायलंड, तिथून अबू धाबी असं करत अमेरिकेत पोचावं लागलं होतं. ही फाईट मी रविवारसाठी राखून ठेवली होती, भावाला आणि वहिनीलाही बोलावलं. चौथा राउंड संपला आणि आमचं इंटरनेट गेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, फोन केला तर एरियात काम चालू आहे एवढंच सांगितलं. वहिनी म्हणाली उद्या बघू, पण बाबा खुर्चीतून उठले नाहीत, पाय स्टुलावर तसाच ठेवून काळ्या स्क्रीनकडे बघत बसून राहिले, जवळपास अर्धा तास. नेट आलं, फाईट जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली, शोधत बसावं लागलं नाही.

तोवर योआन्नाच्या कपाळावर एवढं मोठं टेंगूळ आलं होतं की तिचा चेहराच ओळखू येईना, दोन्ही भुवयांच्या वरचा सगळा भाग पुढे आलेला आणि तरी ती पुढेच जातेय. दोघी थांबायलाच तयार नाहीत. बेल वाजली तेव्हा आमच्या घरात कुणी बोललं नाही. निकाल स्प्लिट, दोन जज झांगकडे, एक योआन्नाकडे. मी आजही म्हणेन की योआन्ना जिंकली होती, तिचे हात जास्त वेळा लागले. बाबा म्हणाले नाही, झांगचे ठोसे जड होते, वजन त्यात होतं, माती असती तर कुणी लढत बरोबरीत सोडवायलाही तयार झालं नसतं. आमचा यावर जेवताना वाद झाला, दुसऱ्या दिवशी सकाळीही झाला. मी आत्तापर्यंत बघितलेली बायकांची सगळ्यात भारी फाईट हीच, यावर मात्र दोघांचं एकमत.

सर्व्हिसबद्दल उरलेलं थोडक्यात. फायटरचं नाव टाकलं की फाईट्स समोर येतात, फक्त तारखा बघून क्रम आपण लावायचा, मी वहीत लिहून घेतला होता. मराठी कॉमेंट्री नाही, त्यामुळे बाबांना मीच सांगत बसायचे, एक-दोन दिवस आवाज बंद करून बघितलं पण तसं करू नका, राउंडच्या मध्ये कॉर्नरमध्ये कोच काय बोलतात ते ऐकण्यात फार मजा आहे. मोठ्या टीव्हीवरच बघा, मोबाइलवर पायांची हालचाल दिसत नाही आणि योआन्ना म्हणजे सगळे पायच आहेत. घरात लहान मुलं असतील तर रक्ताचा विचार करूनच लावा, पेनेची आणि झांगची फाईट तर मुलांसमोर नकोच.

पंधरावी रात्र, जून २०२२, सिंगापूर, झांगबरोबर दुसऱ्यांदा. दोन वर्षांनी परत आली होती. दुसऱ्या राउंडमध्ये झांगने गिरकी घेऊन उलट्या हाताचा फटका मारला आणि योआन्ना तोंडावर पडली. त्यानंतर तिने तिथेच रिटायर होत असल्याचं सांगितलं, ग्लोव्हज काढले आणि पिंजऱ्यात खाली ठेवले. २०२४ मध्ये तिला यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं हे मी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "घ्यायलाच पायजे. लई मोठी पोरगी."

सबस्क्रिप्शन अजून एक महिना वाढवलंय. बाबा आता गावी आहेत, मी भावाच्या मुलाला त्यांच्या टीव्हीवर जोडून द्यायला सांगितलंय. पोलंडचा अजून कुणी आहे का विचारत होते, त्यांना यान ब्वाहोविच लावून देणार आहे, २०२० ला डॉमिनिक रेयेसला हरवून चॅम्पियन झाला ती फाईट आधी, मग २०२१ ची इस्राएल अडेसान्या या फायटरबरोबरची. त्यात शेवटी तो अडेसान्याला खाली घालतो आणि वर बसून राहतो, ते बाबांना फार आवडेल.