सोरायसिस: मेथोट्रेक्सेट की सायक्लोस्पोरिन?

अंगभर पसरलेल्या सोरायसिसला (त्वचेवर खपल्यांचे चट्टे उठणारा आजार) नुसती मलमं पुरेनाशी झाली की त्वचारोगतज्ज्ञांकडे ही दोन जुनी औषधं असतात. सायक्लोस्पोरिन झटपट, २ ते ४ आठवड्यांत खपल्या उतरू लागतात. पण रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं) तपासत सहसा काही महिन्यांतच ते थांबवतात.

मेथोट्रेक्सेट संथ. दीड-दोन महिने वाट पाहायला लावतं, पण रक्त आणि यकृताच्या तपासण्या सांभाळून वर्षानुवर्षं चालतं, स्वस्तही पडतं. डोस आठवड्यातून एकदाच! चुकून रोज घेतला तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर ‘फक्त रविवारी’ असं ठळक लिहिलेलं हवं. दारू पिणाऱ्याला, गर्भवतीला मात्र हे नकोच. सांधेही धरले असतील तर माझा कौल मेथोट्रेक्सेटला.