बाळाच्या आजारपणाची तरतूद: सिव्हिल, कंपनीचा विमा की स्वतःचा मेडिक्लेम?

बाळंतपणाचा खर्च आणि बाळाच्या आजारपणाचा खर्च हे दोन वेगळे खर्च आहेत. मेडिक्लेम घ्यायला निघालेली बरीच जोडपी ते एकातच मोजतात आणि तिथेच सगळा हिशेब बिघडतो.

पहिला खर्च काही महिने आधीच कळतो. सोनोग्राफीचे किती, नॉर्मल झालं तर किती, सिझर झालं तर किती, हे सांगलीच्या विश्रामबागेतल्या किंवा मिरजेतल्या कुठल्याही मॅटर्निटी होममध्ये जाऊन विचारता येतं. दुसऱ्याचं तसं नाही. बाळ जन्मलं, पेढे वाटून झाले आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, कावीळ जास्त आहे, निळ्या लाइटखाली ठेवावं लागेल. किंवा बाळ बत्तिसाव्या आठवड्यातच आलं आणि तीन-चार आठवडे काचेत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत राहिलं. हा आकडा आधी कुणीच सांगू शकत नाही. ओळखीतल्या जोडप्यांच्या पॉलिसी मी नेहमी वाचून देते, आणि माझं मत आता पक्कं झालंय: बाळंतपणासाठी पैसे साठवा, बाळासाठी विमा घ्या, आणि बाळाच्या पहिल्या ९० दिवसांची सोय वेगळी लावा, कारण नेमका तिथेच बऱ्याच पॉलिसींचा हात पोचत नाही.

हे ९० दिवस डोक्यात ठेवून पुढचे तिन्ही पर्याय बघा.

सिव्हिल आणि सरकारी योजना

सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. इथे बाळंतपण मोफत, सिझरसुद्धा. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, दवाखान्यातलं जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं येतं. गाडीसाठी १०२ नंबर. बाळ आजारी पडलं तर सरकारी दवाखान्यातले त्याचे उपचारही एक वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत. म्हणजे पहिले ९० दिवस इथे पूर्ण झाकले जातात, आणि तेही हप्ता न भरता.

उणी बाजूही खरी आहे. गर्दी असते, स्वतंत्र खोली मिळत नाही, रोज तपासायला तेच डॉक्टर येतील असं नाही. पहिल्या खेपेच्या, घाबरलेल्या मुलीला आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई जवळ हव्या असतात, आणि त्यात काही चूक नाही. पण बाळंतपण खासगीत करायचं ठरवलं तरी सिव्हिलमध्ये नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड काढून ठेवा. आशाताई मदत करतात. ज्या मॅटर्निटी होममध्ये काचेची सोय नाही, तिथून आजारी बाळ दुसरीकडे हलवावंच लागतं. कुठे हलवायचं, हे रात्री दोन वाजता ठरवायची वेळ येऊ नये.

दुसरी सोय महात्मा फुले जन आरोग्य योजनेची. आयुष्मान भारतशी जोडलेली ही योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशन कार्डांना लागू झाली, आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, तेही यादीतल्या खासगी रुग्णालयांतसुद्धा. साधं बाळंतपण मात्र यात धरून चालू नका. योजना ठरावीक उपचारांसाठी आहे. नवजात बाळाच्या गंभीर आजारपणात ती खरी उपयोगी पडते. रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा.

अडचण येते ती रेशन कार्डाची. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली तरी सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर असतं. ते तिथून कमी करून इकडे चढवायला कचेरीच्या फेऱ्या होतात. हे काम पाचव्या महिन्यातच करून घ्या. बाळाचं नाव कार्डावर यायला वेळ लागतो, म्हणून जन्मदाखला आणि आई-वडिलांचं कार्ड एकाच पिशवीत ठेवा.

एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाला छिद्र, ऐकू न येणं अशा जन्मजात दोषांची तपासणी आणि उपचार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होतात. यातले बाहेरून दिसणारे दोष खासगी पॉलिसीत बहुधा वगळलेले असतात. विमा कितीही चांगला घेतलात तरी ही वाट माहीत असायला हवी.

लसींचंही इथेच सांगते. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोनियाची पीसीव्ही, गोवर-रुबेला या सगळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. खासगीत यातल्या काही लसींच्या एका डोसालाच काही हजार जातात. पेंटाव्हॅलंटऐवजी खासगीतली कमी दुखणारी ‘पेनलेस’ घेतली तर ताप कमी येतो, पण सरकारी लसीचं संरक्षण त्याहून कमी नसतं. टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि फ्लूच्या लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत. त्या घ्यायच्या तर बालरोगतज्ज्ञांकडेच. म्हणून ठरलेले डोस सरकारी केंद्रात घ्या आणि वाचलेले पैसे या वरच्या लसींना ठेवा.

कंपनीचा विमा आणि ईएसआय

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत कामाला असाल आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता पगारातून कापला जातो: तुमच्याकडून ०.७५ टक्के, कंपनीकडून ३.२५ टक्के. १८,००० पगारावर तुमचे १३५ रुपये जातात आणि त्यात बायको-मुलांचे उपचार येतात. बाई स्वतः नोकरीत असेल आणि अटीइतके दिवस भरले असतील तर २६ आठवड्यांचा पगारही ईएसआयकडून मिळतो. एवढ्या पैशांत एवढं देणारी दुसरी पॉलिसी बाजारात नाही. तरीही पुष्कळ जण कार्ड काढून घेत नाहीत, बायकोचं नाव जोडत नाहीत.

पुण्यात आयटीत नोकरी आणि घर सांगलीत, अशांना कंपनीची ग्रुप पॉलिसी असते. बाळासाठी तिन्ही पर्यायांत मला हीच सगळ्यात भक्कम वाटते. तिच्यात मॅटर्निटीसाठी सहसा थांबावं लागत नाही, आणि बाळ बहुधा पहिल्या दिवसापासून धरलं जातं. एचआरला एक प्रश्न मात्र लेखी विचारा: बाळ काचेत गेलं तर तो खर्च मॅटर्निटीच्या मर्यादेतून जाणार, की पूर्ण विमा रकमेतून? मर्यादा ५०,००० ची आणि विमा ५ लाखांचा असेल, तर या एका उत्तराने सगळं गणित फिरतं. दुसरं, जन्मानंतर ठरावीक दिवसांत बाळाचं नाव कळवावं लागतं. ती तारीख चुकवू नका. आणि नोकरी सुटली की हे संरक्षणही सुटतं, म्हणून स्वतःची छोटी का होईना, पॉलिसी शेजारी हवीच.

स्वतःचा मेडिक्लेम

दिवस राहिल्यावर मॅटर्निटीची पॉलिसी घेऊन त्या बाळंतपणाला उपयोग होत नाही. थांबण्याचा काळ काही पॉलिसींत ९ महिने, बऱ्याच पॉलिसींत दोन ते चार वर्षं असतो. समजा, मॅटर्निटीमुळे हप्ता वर्षाला ८,००० ने वाढला आणि तीन वर्षं थांबायचंय. म्हणजे २४,००० भरून ५०,००० च्या मर्यादेचा हक्क मिळणार, आणि दुसऱ्याच वर्षी दिवस राहिले तर काहीच नाही. हेच पैसे आरडीत ठेवले तर ते कुठल्याही वर्षी हाताशी असतात. म्हणून मॅटर्निटीपुरती पॉलिसी घ्यावी असं मी सहसा सांगत नाही. अपवाद एकच: मूल तीन-चार वर्षांनीच हवं असं पक्कं ठरलेलं असेल, आणि त्या पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून धरलेलं असेल. मग ती वाढीव रक्कम बाळाच्या त्या ९० दिवसांसाठी भरल्यासारखी होते.

साध्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या मिळून एका पॉलिसीत, बाळ बहुधा ९० दिवसांचं झाल्यावरच घेतात. पण ते घेतल्यावरच्या काळासाठी ही पॉलिसी लागतेच. जुलाब, न्यूमोनिया, तापात आलेली फिट, यांसाठी बाळाला भरती करावं लागलं तर बिल इथून जातं. ओपीडी, रोजची औषधं, लसी यांत सहसा नसतात. ते खर्च खिशातूनच धरा.

पॉलिसी निवडताना हप्त्याआधी खोलीभाड्याची मर्यादा बघा. ३ लाखांच्या विम्यावर १ टक्का म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही ६,००० ची खोली घेतलीत तर कापलं जातं ते फक्त भाडं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च अशा खोलीच्या वर्गावर ठरणाऱ्या रकमाही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्या होतात. औषधं, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चाला ही कपात लावता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. डिस्चार्जच्या वेळी बिलात तसं दिसलं तर थांबवून विचारा. कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट दवाखान्याला द्यायची, मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, हाही २०२४ चा नियम आहे.

हप्त्याबद्दल थोडक्यात: वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. हप्त्यावरची २५,००० पर्यंतची करवजावट (८०डी म्हणतात ती) जुन्या करप्रणालीतच मिळते.

माहेर, पूर आणि यादी

पहिलं बाळंतपण माहेरी. सासर सांगलीत, माहेर वाईला किंवा जतला. पॉलिसी घेताना मात्र कंपनीच्या कॅशलेस यादीत बघितले जातात ते सांगलीचे दवाखाने. मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हापासून या भागाला चार पावलांवर मोठा दवाखाना असण्याची सवय आहे, आणि कॅशलेस सगळीकडेच असेल असं आपण धरून चालतो. माहेरच्या गावातला आणि तिथून जवळच्या मोठ्या शहरातला असे दोन दवाखाने यादीत आहेत का, हे आधी पाहा. साताऱ्याच्या बाजूला असाल तर कराडचे दवाखानेही तपासा.

तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर सांगलीकरांना आणखी एक सांगणं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गावभागात पाणी शिरलं होतं, रस्ते तुटले होते. घर त्या बाजूला असेल तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी चढायला लागायच्या आत उंचावर, मिरजेकडे राहायची सोय करून ठेवा.

पैसे कसे बाजूला काढायचे

एक वर्ष हातात असेल तर महिना ५,००० ची आरडी. वर्षात ६०,००० आणि वर व्याज. पुढे निवडलेल्या दवाखान्याने सांगितलेल्या सिझरच्या आकड्याशी ते ताडून बघा आणि कमी पडेल तेवढा हप्ता वाढवा. नॉर्मलचा आकडा धरून बजेट करू नका.

यापासून वेगळी एक रक्कम लागते, आणि ती बहुतेक घरांत नसते. काचेचा एका दिवसाचा दर विचारा आणि त्याला ७ ने गुणा. एवढे पैसे एफडीत किंवा बचत खात्यात, लगेच काढता येतील असे हवेत. भिशीवर विसंबू नका, नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आठवड्याहून जास्त काळ लागणार असं डॉक्टर म्हणाले तर त्याच दिवशी आरोग्यमित्राला भेटा, सिव्हिलमध्ये जागा आहे का विचारा. पैसे संपल्यावर बाळ हलवणं आई-वडिलांना फार जड जातं. ट्रस्टच्या रुग्णालयांत गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायचं कायदेशीर बंधन आहे. उत्पन्नाचा दाखला असेल तर तेही विचारा.

बाळ झाल्यावर जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. बारसं व्हायचंय म्हणून ती अडवून ठेवू नका. दाखल्यात नाव नंतर घालता येतं, एका वर्षाच्या आत त्याला शुल्कही लागत नाही. याच दाखल्यावर रेशन कार्ड, ईएसआय आणि पॉलिसी या तिन्ही ठिकाणी बाळाचं नाव चढतं. मेडिक्लेमवाल्यांपैकी काही कंपन्या वर्षाच्या मध्येही बाळ घेतात, काही नूतनीकरणालाच. पॉलिसी घेतानाच हे एजंटकडून लेखी घ्या, कारण नूतनीकरण मार्चमध्ये आणि बाळ मेमध्ये झालं तर ९० दिवसांच्या पुढेही सात महिने ते विम्याशिवाय राहतं.