व्हेनिस सिम्प्लॉन-ओरिएंट-एक्स्प्रेस : तिकिटाआधी डबा समजून घ्या

व्हेनिस सिम्प्लॉन-ओरिएंट-एक्स्प्रेस ही पॅरिसहून व्हेनिस, इस्तंबूलसारख्या शहरांना जाणारी आलिशान गाडी. तिच्यात तुम्ही पैसे मोजता ते 1920-30च्या दशकांत बांधलेल्या शयनडब्यासाठी. उद्योजक जेम्स शेरवूड यांनी 1977 मध्ये लिलावात पहिले दोन डबे घेतले, मग युरोपभर शोधून आणखी जमवले, डागडुजी केली आणि 1982 मध्ये गाडी सुरू केली. 'कोत द'अझूर' या भोजनडब्यात फ्रेंच काच-कलाकार रने लालिक यांचं काचकाम भिंतीत बसवलेलं आहे. ते दिवसाच्या उजेडात पाहायला एकदा मुद्दाम जा, जेवणाच्या गर्दीत नजर ठरत नाही.

साध्या, म्हणजे 'हिस्टॉरिक' केबिनमध्ये दिवसा सोफा असतो. तुम्ही रात्री जेवायला गेलात की स्टुअर्ड त्याचे खाली-वर दोन बर्थ करून ठेवतो. कोपऱ्यातल्या कपाटाची दारं उघडली की आत वॉशबेसिन. शौचालय डब्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. शॉवर नाही. गरम पाणी आणि ऊब डब्याच्या टोकाच्या बॉयलरमधून येते, आणि त्यात स्टुअर्ड आजही हाताने कोळसा टाकतो.

स्वतंत्र बाथरूम हवी तर स्वीट किंवा ग्रँड स्वीट घ्यावा लागतो आणि भाडं कितीतरी पटीने वाढतं. आमच्या मते नुसत्या शॉवरसाठी तो खर्च करू नये. पॅरिस-व्हेनिस एका रात्रीचाच प्रवास. पॅरिस-इस्तंबूलच्या पाच रात्रींपैकी दोन बुडापेस्ट आणि बुखारेस्टच्या हॉटेलांत जातात, त्यामुळे सलग दोन रात्री आंघोळीवाचून काढाव्या लागत नाहीत. मात्र रात्री वारंवार उठावं लागणारं कुणी सोबत असेल, तर बाथरूमचा खर्च सार्थकी लागतो. अडचण फक्त वरच्या बर्थची शिडी चढण्याची असेल, तर मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन घ्या. दोघांनाही खालचा बर्थ मिळतो.

झोप सावध असणाऱ्यांनी डब्याच्या मधली केबिन मागावी. टोकाला चाकांचा आवाज जास्त आणि शौचालयाची ये-जाही तिथेच. पूर्व फ्रान्स आणि हंगेरीत तारेतला वीजदाब 25 किलोव्होल्ट, जर्मनी-ऑस्ट्रियात 15. त्यामुळे वाटेत इंजिनं बदलतात आणि नवं इंजिन जोडताना धक्का जाणवतो. त्यात काही बिघडलेलं नसतं.

सामानात हमखास चूक होते. मोठ्या बॅगा सामानडब्यात जातात आणि गाडी चालू असताना हाती लागत नाहीत. केबिनमध्ये एक लहान बॅग मावते, तेव्हा संध्याकाळचे कपडे तिच्यातच भरा. जीन्स चालत नाही. रात्रीच्या जेवणाला सूट किंवा त्याहून औपचारिक पोशाख लागतो. जेवण भाड्यात असतं. कोणती पेयं त्यात धरली आहेत, ते आरक्षण करतानाच लेखी विचारून घ्या.

2025 पासून रोमानिया आणि बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत, पण तुर्कस्तान नाही. व्हिसा लागणाऱ्यांनी तुर्कस्तानच्या व्हिसाची वेगळी तजवीज करावी. लंडनहून जोडून येणारी पुलमन गाडी (जुन्या आलिशान बैठक-डब्यांची) 2023 मध्ये बंद झाली, त्यामुळे पॅरिसपर्यंत स्वतः यावं लागतं. लंडनहून येणारी युरोस्टार रेल्वे पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनला उतरवते. तुमची गाडी कोणत्या स्टेशनातून सुटणार ते कागदपत्रांवर नीट वाचा.

पोहोचण्याच्या दिवशी विमान ठेवू नका. सीमेवरची तपासणी किंवा रुळांचं काम लांबलं की गाडीला तासन् तास उशीर होऊ शकतो.